टीप कसली, पगार म्हणा

क्रूझवरून परतलेल्यांच्या पोस्ट्स आठवा. शेवटचा सूर्यास्त, 'आमचा वेटर म्हणजे अगदी घरचाच', निरोप घेताना डोळ्यांत पाणी. पाणी खरं असेलही. पण त्याच दिवसांत जहाजावर रिसेप्शनसमोर एक रांग लागते, तिचा फोटो कुणी टाकत नाही.

ती रांग मी बार्सिलोना-मायामी प्रवासात पाहिली. युरोपातला उन्हाळी हंगाम संपला की कंपन्या जहाजं कॅरिबियनकडे हलवतात, तेव्हा तिकिटं स्वस्त असतात. चौदा दिवस, त्यातले शेवटचे सात नुसतं पाणी. पश्चिमेकडे जाताना अधूनमधून रात्री घड्याळ तासभर मागे जातं, झोपायला फुकटचा तास मिळतो. (आवडलं मला, खोटं कशाला बोलू.)

तर, रांग. मोठ्या कंपन्या माणशी दिवसाला साधारण 16 ते 20 डॉलर 'ग्रॅच्युइटी' बिलात आपोआप लावतात. अनेक ठिकाणी ती सांगून काढून टाकता येते. दोघांचे चौदा दिवसांचे पाचेकशे डॉलर! तेरा दिवस खाऊन-पिऊन, चादरी बदलून घेऊन झाल्यावर लोकांना आठवतं की सर्व्हिस काही खास नव्हती.

या लोकांची चीड येतेच. पण ही सोय केली कुणी? तिकीट स्वस्त दिसावं म्हणून पगाराचा एक भाग प्रवाशाच्या मर्जीवर सोडलाय. जहाजावर झेंडा बहामाज किंवा पनामाचा, त्यामुळे मायामीच्या धक्क्याला लागूनही अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा तिथल्या खलाशांना लागू नाही. 2006 चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे. त्यातल्या एका पर्यायानुसार आठवड्याला किमान 77 तास विश्रांती दिली की झालं. 168 मधून 77 वजा करा. 91 तास कायदेशीर.

आणि मग तो फॉर्म. माझी खोली आवरणारा मुलगा गोव्याचा. शेवटून दुसऱ्या दिवशी दबक्या आवाजात म्हणाला, "दादा, फॉर्ममध्ये माझं नाव लिहाल? दहापैकी दहा द्या हं, आठ नको." हे गणित मला नोकरीमुळे माहीत आहे. या पद्धतीत नऊ-दहा म्हणजे खूश, सात-आठ म्हणजे शून्य किंमत, सहा आणि खाली म्हणजे विरोधात. आपल्याकडे ऐंशी टक्क्यांना पेढे वाटतात! प्रवासी सढळ हाताने आठ देतो आणि चांगलं केल्याच्या समाधानात झोपतो.

शेवटच्या रात्री बॅगांना रंगीत टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या. सकाळी आपण उतरतो, दुपारी त्याच गादीवर नवीन माणसं. त्या मधल्या काही तासांत तो मुलगा सगळ्या खोल्या नव्या करतो. त्याच्या आठ महिन्यांच्या करारातले तीन अजून बाकी होते.

पगार तिकिटात घाला आणि तिकीट महाग करा, एवढंच मागणं आहे. परवडलं नाही तर आम्ही नाही येणार. फॉर्ममध्ये मी त्याला दहा दिले आणि खालच्या रकान्यात हे लिहिलं. आठवड्याने कंपनीचं उत्तर आलं: पुढच्या क्रूझवर दहा टक्के सवलत.