लाइव्ह म्हटलं की वेबसॉकेटच?

फायनल इयरचा प्रोजेक्ट ठरला? त्यात ‘रिअल-टाइम’ शब्द आहे? मग तुमच्या ग्रुपमधलं कोणीतरी एव्हाना ‘वेबसॉकेट टाकूया रे’ म्हणालंच असेल. यूट्यूबवरच्या चॅट अ‍ॅपच्या ट्युटोरिअलमध्ये तेच असतं, म्हणून आपल्याकडेही तेच. आम्हीही हेच केलं होतं.

गॅदरिंगच्या कबड्डी स्पर्धेसाठी आम्ही लाइव्ह स्कोअरबोर्ड बनवला. लॅबमध्ये एकदम झकास चालला. सामन्याच्या दिवशी पोरं मैदानातून कॅन्टीनकडे वळली, फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेले आणि कनेक्शन तुटली. ब्राउझरमधलं वेबसॉकेट तुटलं की आपोआप परत जोडलं जात नाही, त्यासाठीचा कोड आपणच लिहायचा असतो. आम्ही लिहिला नव्हता. सामना संपून जिंकलेली टीम नाचत कॅन्टीनमध्ये शिरली, तरी तिथल्या फोनवर स्कोअर १२-८च! वर ‘अजून पहिलाच हाफ चालूये’ असं एकाने त्यांनाच ऐकवलं.

वेबसॉकेटला दोष देऊन काय उपयोग? आम्ही एक साधा प्रश्नच विचारला नव्हता: यात बोलणार कोण आणि ऐकणार कोण? स्कोअर टाकणारा एकच, बाकी सगळे नुसते बघणारे. एसटी स्टँडवरचा भोंगा आठवा. ‘गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे’ हे ऐकायला प्रत्येक प्रवाशाला कंट्रोलरशी फोन जोडून द्यावा लागत नाही.

अशा एकतर्फी कामासाठी सर्व्हर-सेंट इव्हेंट्स आहेत. साधं एचटीटीपी, ब्राउझरमध्ये आधीपासून असलेलं ‘इव्हेंटसोर्स’, बास. कनेक्शन तुटल्याचं लक्षात आलं की ब्राउझर स्वतःच परत जोडायला बघतो. सर्व्हरने प्रत्येक मेसेजला आयडी दिला असेल, तर ‘मला इथपर्यंत मिळालंय’ हेही तो सांगतो. मधले चुकलेले गुण पाठवणं मग सर्व्हरच्या हातात. हे जुनाट वगैरे काही नाही. ओपनएआयच्या एपीआयमधून उत्तर तुकड्यातुकड्याने येतं, ते याच पद्धतीने. मर्यादा आहेतच: फक्त टेक्स्ट जातं, आणि जुन्या एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका साइटला साधारण ६ कनेक्शन देतो, त्यामुळे सातवा टॅब लटकतो. एचटीटीपी २ वर ही कटकट सहसा उरत नाही.

आणि पोलिंगला हसू नका. कॉलेजचा नोटीसबोर्ड असेल, तर मिनिटाला एकदा ‘नवीन काही?’ विचारलं की झालं. ५०० जणांचे मिळून सेकंदाला आठ-नऊ रिक्वेस्ट. हेच दर दोन सेकंदांनी विचारलंत तर २५०, आणि त्यातल्या बहुतेकांना उत्तर एकच, ‘काही नाही’.

मग वेबसॉकेट कधी? दोन्हीकडून सतत बोलणं असेल तेव्हा. चॅट, ऑनलाइन कॅरम, एकाच डॉक्युमेंटवर चौघांनी लिहिणं. २०११ मध्ये प्रमाणित झालेला हा प्रोटोकॉल सुरुवात एचटीटीपीनेच करतो. सर्व्हरने १०१ असं उत्तर दिलं की दोघं भाषा बदलतात, पुढे कोणीही केव्हाही बोलावं. पण लाइन जिवंत आहे का हे बघणं, तुटली तर जोडणं, सगळं तुमच्या गळ्यात. सॉकेट.आयओ घेतलंत तर जोडण्याचं ते बघेल, पण मधल्या वेळात हरवलेल्या मेसेजचं काय, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. (व्हिडिओ कॉल करायचा असेल तर वेबआरटीसी, तो वेगळाच संसार.)

व्हायवाला एक्स्टर्नल ‘वेबसॉकेटच का?’ विचारतीलच. त्याच्या आदल्या दिवशी एवढं करा: अ‍ॅप चालू असताना फोन दहा सेकंद एअरप्लेन मोडवर टाका, तेवढ्यात लॅपटॉपवरून स्कोअर बदला, मग मोड काढा. आणि फोनवर कोणता आकडा दिसतोय ते बघा.