एकच पोथी, दोन पक्ष

गुलामगिरी धर्मानें नाहींशी केली कीं धर्मानेंच ती पोसली, असा प्रश्न आमच्या एका वाचकभगिनीनें केला आहे. याला एका शब्दांत उत्तर दिल्यास सत्यावर अन्याय होईल. म्हणून इंग्लंड व अमेरिका या ज्या दोन देशांत हा वाद विशेष हिरीरीनें लढला गेला, तेथील कांहीं हकीकती आम्ही पुढें ठेवितों.

दोन्ही पक्षांच्या हातीं बायबल हाच ग्रंथ होता. नोहाचा शाप, आणि ओनेसिमस नांवाच्या दासास संत पॉलनें धन्याकडे परत पाठविल्याची गोष्ट, हीं गुलामांच्या मालकांचीं आवडतीं प्रमाणें. उलटपक्षीं, माणूस पळवून विकणाऱ्यास देहान्त शासन सांगणारा मोझेसचा नियम विरोधक दाखवीत. अमेरिकेंतील मेथॉडिस्ट पंथ १८४४ सालीं व बॅप्टिस्ट पंथ १८४५ सालीं याच प्रश्नावरून दुभंगला.

धर्मसंस्थांचे हातही स्वच्छ नव्हते. बार्बेडोस बेटावरील कॉड्रिंग्टन येथील उंसाचे मळे इंग्लंडच्या चर्चच्या एका धर्मप्रसारक संस्थेच्या मालकीचे होते. तेथील गुलामांच्या अंगावर 'सोसायटी' हा शब्द तापल्या लोखंडानें डागीत. त्याबद्दल चर्चनें क्षमा मागितली ती २००६ सालीं! पार्लमेंटनें गुलामांचा व्यापार बंद केला त्याच १८०७ सालीं लंडनमध्यें, वेस्ट इंडीजमधील गुलामांकरितां म्हणून बायबलाची एक निवडक आवृत्ति निघाली. मोझेसनें आपल्या लोकांस मिसरच्या दास्यांतून सोडविल्याची कथा तींत गाळली होती. धन्याची आज्ञा पाळण्याचा उपदेश मात्र राखला होता. जी कथा दासाच्या कानीं पडूं द्यावयाची नाहीं, तिचें सामर्थ्य गाळणारांसही ठाऊक असलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

मग श्रेय कोणाचें? आमच्या मतें, ज्यांनीं आधीं स्वतःचें घर झाडलें त्यांचें. क्वेकर पंथांतही गुलाम बाळगणारे होतेच. जर्मनटाउन येथील चौघांनीं १६८८ सालीं त्याविरुद्ध लेखी निषेध केला. परंतु गुलाम बाळगणारास पंथांत स्थान नाहीं, असा फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेचा निर्णय होण्यास १७७६ साल उजाडलें. आपल्याच माणसांस पटविण्यांत ८८ वर्षें गेलीं! त्यांतील जॉन वूलमन हा साधा शिंपी. गुलाम असलेल्या घरीं पाहुणा म्हणून उतरल्यास तो त्या गुलामांस त्यांच्या सेवेचे पैसे देई. कोणास न दुखवितां, पण कोणाचीही भीड न धरितां, तो घरोघर हीच गोष्ट सांगत फिरला. पुढें १७९१ च्या सुमारास इंग्लंडांतील हजारों कुटुंबांनीं गुलामांच्या श्रमाची साखर वर्ज्य केली. ही चळवळ चालली ती बहुतांशीं गृहिणींच्या हातून, चहाच्या टेबलावर.

आणि स्वतः गुलामांस विसरून कसें चालेल? फ्रेडरिक डग्लस यानें दास्यांतून पळून आल्यावर १८४५ सालीं लिहिलेल्या आत्मचरित्रांत, ख्रिस्ताचा धर्म निराळा व या देशांत चालणारा धर्म निराळा, असा स्पष्ट भेद केला. आमच्या भगिनीच्या प्रश्नास याहून नेमकें उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं.

हा इतिहास परका समजूं नये. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांसच अर्पण केला. त्यांतील कठोर बोल आपल्याच पूर्वजांस उद्देशून होते, आणि ते झोंबतात म्हणून पुष्कळ घरांत तो ग्रंथ उघडलाच गेला नाहीं. आपल्या घरच्या पोथीचीं कोणतीं पानें आपण मुलांपुढें मोठ्यानें वाचतों व कोणतीं मुकाट्यानें उलटतों, एवढें प्रत्येकानें एकदां स्वतःस विचारावें.