मरणाविषयी बोलण्याची जबाबदारी कोणाची?

उपशामक शुश्रूषा, म्हणजे बरा न होणारा आजार जडलेल्या रुग्णाच्या वेदना, धाप, मळमळ यांसारख्या त्रासांचे शमन करणारी आणि त्याच्या मनाचा व कुटुंबाचाही भार हलका करणारी सेवा, रुग्णालयाच्या आवारापुरती राहिली तर बहुसंख्य गरजूंपर्यंत ती पोहोचतच नाही. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये ‘शांती अवेदना सदन’ हे देशातील पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या काळातील रुग्णांसाठीचे शुश्रूषागृह, सुरू झाले, तरी खाटांच्या संख्येला मर्यादा असतेच. केरळने त्यामुळे वेगळी वाट धरली. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या कामातून पुढे मलप्पुरम व आसपासच्या जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जाळे उभे राहिले आणि २००८ मध्ये राज्य सरकारने धोरण जाहीर करून पंचायतींना या कामात जोडून घेतले.

आठवड्याला किमान दोन तास देऊ शकणाऱ्या कोणाही व्यक्तीला सुमारे सोळा तासांचे वर्ग आणि अनुभवी पथकाबरोबर चार दिवसांच्या गृहभेटी एवढ्या प्रशिक्षणानंतर स्वयंसेवक होता यावे, अशी त्या जाळ्याची मूळ रचना होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी कशी बदलावी, कोरडे पडलेले तोंड ओल्या कापडाने कसे पुसावे, मॉर्फिनची गोळी वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी का द्यावी, हे घरच्यांना समजावून सांगणे साधारण बुद्धीच्या कोणालाही जमते. अवघड असते ते त्यानंतरचे, म्हणजे खाटेशेजारी बसून राहणे.

मराठी घरांत या अवघडपणाला ठरलेले रूप आहे. डॉक्टर खोलीबाहेर पडताच मुलगा मागोमाग येऊन हळू आवाजात विनवतो, ‘त्यांना काही सांगू नका, ते खचतील.’ ही विनवणी प्रेमापोटीच केलेली असते आणि तिची अवहेलना करणे निर्दयपणाचे ठरेल. परंतु रुग्णाला आपल्या शरीराची अवस्था बहुधा उमगलेली असते आणि मुलांना त्रास नको म्हणून तोही अजाण असल्यासारखे वागत राहतो. या दुहेरी मौनात कोणाला भेटायचे राहिले, शेवट घरी व्हावा की रुग्णालयात, थकलेल्या पत्नीने कोणाकडे राहावे, हे सारे न बोलता राहून जाते. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी ‘समग्र वेदना’ ही संकल्पना मांडली, तिचा अर्थ असा की शारीरिक दुखण्यात मनाची, नात्यांची, पैशाची आणि श्रद्धेची वेदना मिसळलेली असते. मग केवळ गोळीची मात्रा वाढवून ती निवत नाही, याचे नवल वाटायला नको.

अशा घरात स्वयंसेवक जातो आणि एके दिवशी रुग्ण त्यालाच विचारतो, ‘मी यातून उठेन ना रे?’ अशा वेळी ‘हो, नक्की’ म्हणणे खोटे ठरते आणि ‘नाही’ म्हणण्याचा त्याला अधिकार नाही. ‘असं का वाटलं तुम्हाला आज?’ एवढे विचारून थांबणे आणि नंतरची शांतता सहन करणे, हे प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा घोटून घ्यावे लागते. मात्र निदान आणि आजाराची दिशा सांगणे हे डॉक्टरचे काम आहे. ते टाळून स्वयंसेवकाला पुढे करणे हा त्या माणसाच्या सद्भावनेवर अन्यायच होय.

मृत्यूनंतरच्या दुःखाकडे आपल्या सेवा अजून पुरेशा वळलेल्या नाहीत. दहावे-तेरावे होईपर्यंत घर माणसांनी भरलेले असते, पाहुणे पांगल्यावर खरा एकटेपणा सुरू होतो आणि नेमकी तेव्हाच पथकाची नोंदवही बंद झालेली असते. महिन्या-दोन महिन्यांनी एक भेट ठरवून द्यायला फारसा खर्च येत नाही. ज्यांच्या उशाशी बसलो ती माणसे एकामागून एक जाताना पाहणाऱ्या स्वयंसेवकांनाही त्याविषयी बोलायला जागा हवी. ती मासिक बैठकीत राखून ठेवणे हे पथकप्रमुखाचे कर्तव्य मानले पाहिजे.

अंतिम काळी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली, तरीही घरात विषयच निघत नसेल तर तो कागद कोरा राहणार.

म्हणून या मासिकाच्या वाचकांना, विशेषतः गृहभेटींचे पथक चालवणाऱ्या डॉक्टरांना व परिचारिकांना, एक विनंती आहे. रुग्णाला आजाराविषयी काय ठाऊक आहे, ते कोणी सांगितले आणि त्याला आणखी किती जाणून घ्यायचे आहे, एवढी नोंद प्रत्येक केसपेपरवर करावी आणि ती झाल्याखेरीज स्वयंसेवकाला त्या घरी एकट्याने पाठवू नये.