शेवट ठाऊक असलेल्या कथेचा पुढचा भाग

दिग्पाल लांजेकर दिग्दर्शित ‘शिवराज अष्टक’ ही शिवकालीन साहसांवरची मराठी चित्रपटमालिका आहे. तिचा पहिला चित्रपट ‘फर्जंद’ जून २०१८ मध्ये आला. पाठोपाठ ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’ (दोन्ही २०२२) आणि ‘सुभेदार’ (२०२३) आले. सहाव्यासाठी आग्र्याचा प्रसंग निवडला गेला. यांतल्या प्रत्येक भागाची प्रेक्षकांनी वाट पाहिली. ‘पावनखिंड’ तर करोनाच्या काळात पुनःपुन्हा लांबणीवर पडला. मुळात ‘जंगजौहर’ म्हणून जाहीर झालेले त्याचे नावही दरम्यान बदलले, तरी प्रदर्शनाच्या दिवशी चित्रपटगृहे भरली. या प्रतीक्षेवर काही आक्षेप घेतले जातात. त्यांतले दोन टिकत नाहीत. तिसऱ्यात मात्र तथ्य आहे, आणि त्याचे उत्तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वराच्या इतिहासात सापडते.

पहिला आक्षेप असा की, ज्या कथेचा शेवट शाळकरी मुलालाही ठाऊक आहे, तिची वाट पाहण्यात अर्थ काय? कोंढाणा मिळणार आणि तानाजी पडणार. घोडखिंडीत बाजीप्रभू तोफांचे आवाज ऐकून प्राण सोडणार. या आक्षेपामागे एक गृहीत आहे: गोष्टीची गोडी ‘पुढे काय झाले’ एवढ्यातच असते. महाराष्ट्रातल्या श्रोत्याने हे गृहीत कधीच मानलेले नाही. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा आख्यान लावतात, तेव्हा ते समोरच्या प्रत्येकाला पाठ असते. शाहीर तुळशीदासाचा सिंहगडाचा, म्हणजे याच कोंढाण्याचा, पोवाडा शतकानुशतके ऐकला गेला, आणि कोणीही शेवट माहीत आहे म्हणून फडावरून उठून गेले नाही. पडद्यावरही हेच घडले. बाबूराव पेंटर यांचा ‘सिंहगड’ हा मूकपट १९२३ चा. व्ही. शांताराम यांनी त्यात शेलारमामा रंगवला आणि १९३३ मध्ये त्याच विषयावर बोलपट काढला. २०२० मध्ये हिंदीत ‘तान्हाजी’ आला, २०२३ मध्ये ‘सुभेदार’. एकाच रात्रीची ही लढाई शंभर वर्षे पाहिली जाते, कारण प्रेक्षकाला निकाल नको असतो. ती कशी सांगितली, कोणाच्या तोंडून सांगितली, हे त्याला पाहायचे असते.

दुसरा आक्षेप क्रमाचा. ‘फर्जंद’ १६७३ च्या पन्हाळ्याचा, ‘फत्तेशिकस्त’ १६६३ च्या लाल महालाचा, ‘पावनखिंड’ १६६० चा, ‘शेर शिवराज’ १६५९ च्या प्रतापगडाचा आणि ‘सुभेदार’ पुन्हा १६७० चा. काळ असा मागेपुढे उड्या मारतो, तेव्हा याला मालिका तरी कशी म्हणावी, असे विचारले जाते. मात्र साहसपटांच्या मालिका जगभर अशाच चालतात. इंडियाना जोन्सचा १९८४ मध्ये आलेला दुसरा चित्रपट पहिल्याच्या एक वर्ष आधीची कथा सांगतो. मालिकेला मालिकापण येते ते माणसांमुळे. पाचही भागांत चिन्मय मांडलेकर यांचे शिवराय आणि मृणाल कुलकर्णी यांच्या जिजाऊ आहेत. एका प्रसंगातला सोबती दुसऱ्या प्रसंगात नायक होतो. आधीच ओळखीचा झालेला माणूस नव्या कसोटीला कसा उतरतो, हे पाहण्यासाठीच पुढच्या भागाची वाट पाहिली जाते.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. प्रत्येक नव्या भागात शौर्य अधिक कर्कश होते, रक्त वाढते, मंदगतीची दृश्ये वाढतात. माणसे मात्र तेवढीच राहतात. हा दोष खरा आहे, आणि तो प्रेक्षकांच्या प्रेमाचे कारण देऊन झाकू नये. वीर जर कधीच घाबरत नसेल, त्याच्या बाजूला कोणीच डगमगत नसेल, तर त्याच्या धैर्याला मोजमापच उरत नाही. पण यावर मालिका थांबवणे हा उपाय नव्हे. ऐतिहासिक साधनांमध्ये जी माणसे आहेत, ती पूर्ण वाचली पाहिजेत.

शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावरच्या संगमेश्वरात १६६१ मध्ये काय घडले, ते कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात आले आहे. शिवाजी महाराज दक्षिण कोकणाच्या स्वारीवर होते. तानाजी मालुसरे आणि पिलाजी नीळकंठराव यांना फौजेसह संगमेश्वरी ठेवून ते राजापूरकडे गेले. जवळच्या शृंगारपूरचे सुर्वे हे विजापूरकरांचे मांडलिक. त्यांनी रात्री संगमेश्वरावर छापा घातला. अंधार, अनोळखी मुलूख, अचानक उठलेला गलका. पिलाजीचा धीर सुटला आणि तो पळू लागला. तानाजीने त्याला गाठले, दोराने खडकाला बांधून टाकले आणि स्वतः लढून हल्ला परतवला. पुढे २९ एप्रिल १६६१ रोजी महाराज शृंगारपुरावर चालून गेले आणि सुर्वे गाव सोडून पळाले.

या प्रसंगात चांगल्या साहसपटाला लागणारे सारे काही आहे, आणि कोंढाण्याच्या कथेत नसलेलेही काही आहे. भ्यालेला माणूस इथे शत्रूचा नाही, आपलाच आहे. तानाजी त्याला मारत नाही, हाकलूनही देत नाही. त्याला तिथेच राहायला लावतो. बांधलेल्या पिलाजीने ती रात्र कशी काढली असेल? सकाळी दोर सोडताना तानाजी त्याला काय म्हणाला असेल? या प्रश्नांची उत्तरे कवी देत नाही. ती पटकथाकाराने शोधायची आहेत. नऊ वर्षांनी कोंढाण्यावर आपला सेनापती पडल्यावर मावळे पळू लागतात आणि कड्यावरचे दोर कापून त्यांना मागे फिरवले जाते, अशी परंपरेची कथा आहे. संगमेश्वरचा तानाजी आधी पाहिलेला असेल, तर कोंढाण्यावरच्या दोरांचा अर्थ अधिक खोल होतो. काळाने आधीची, पण पडद्यावर नंतर येणारी कथा मालिकेला असे बळ देते.

संगमेश्वरावर चित्रपट काढण्याच्या या सूचनेला हमखास हरकत घेतली जाईल: संगमेश्वर म्हटले की १ फेब्रुवारी १६८९, म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांची कैद, इथली दुसरी कथा लोक ऐकणार नाहीत, आणि ऐकलीच तर त्यांना फितूर हवा असतो. फितुराचा शोध हा या विषयाला जडलेला रोग आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ हा हिंदी चित्रपट आला तेव्हा शिर्के घराण्याच्या वंशजांनी त्यातल्या फितुरीच्या चित्रणाला हरकत घेतली आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. साधने काय सांगतात? जेधे शकावलीप्रमाणे शिर्के आणि संभाजी महाराजांचा विश्वासू कवी कलश यांच्यात लढाई झाली, कलश खेळण्याला म्हणजे विशाळगडाला गेला, त्याच्या मदतीसाठी महाराज रायगडाहून निघाले, संगमेश्वरी त्यांनी शिर्क्यांना पळवून लावले आणि मग ते खेळण्याला पोहोचले. रायगडी परतताना संगमेश्वरी मुक्काम असता शेख निजाम ऊर्फ मुकर्रबखानाने त्यांना पकडले. मोगल दरबारची ‘मआसिर-इ-आलमगिरी’ खानाच्या हेरांनी आणलेल्या बातमीचा आणि कोल्हापूरकडून अवघड घाट ओलांडत केलेल्या त्याच्या वेगवान दौडीचा वृत्तांत देते. शिर्क्यांचे वैर खरे. तेवढ्यावरून एकाच माणसाच्या कपाळी सारे पाप लिहिणे हे आळशी कथाकथन आहे. त्यात शत्रूच्या हेरखात्याची चपळाई झाकली जाते, आणि वतनावरून पेटलेले घरातले भांडण किती महाग पडते हेही दिसेनासे होते.

संगमेश्वरी संभाजी महाराजांच्या स्मारकाची घोषणा राज्याच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली, हे योग्यच झाले. पण चित्रपटांनी कैदेपाशी कथा संपवण्याची सवय सोडायला हवी, कारण खरा पुढचा भाग त्या दिवशीच सुरू होतो. म्हाळोजी घोरपडे संगमेश्वरच्या चकमकीत पडले; त्यांचा मुलगा संताजी. ११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांची हत्या झाली. त्यांच्या पत्नी महाराणी येसूबाई मुलासह रायगडावर थांबल्या आणि दीर राजाराम महाराजांना त्यांनी बाहेर काढले. गड पडल्यावर त्या कैदेत गेल्या आणि त्यांची सुटका होईपर्यंत १७१९ साल उजाडले. तीस वर्षांची ती कैद कोणत्याही लढाईइतकीच चित्रपटाला साजेशी आहे. संताजीने १६९५ मध्ये दोड्डेरीला कासीमखानाची फौज कोंडून धुळीला मिळवली. पुढे छत्रपती राजाराम महाराजांशी त्याचे बिनसले आणि १६९७ मध्ये तो मारला गेला, तोही मोगलांशी लढताना नव्हे. ही कथा पडद्यावर आणणाऱ्याला संताजीचा पराक्रम आणि त्याचा हट्ट, राजाराम महाराजांची अडचण आणि सेनानी धनाजी जाधवाशी असलेली तेढ, हे सारे एकाच चित्रपटात मांडावे लागेल, आणि त्यात कोणालाही सरळ खलनायक ठरवता येणार नाही.