नाव रजिस्टरात चढले का?



मृग जवळ आला की नेवाडाच्या जमिनीवरून फॉरेस्टशी वाद सुरू होतात. कुठे झाडे लावायचे खड्डे उभ्या शेतात खोदले जातात, कुठे औत जप्त होते, कुठे बैलजोडी. आणि कुठे माणूस उचलला जातो. आज आम्ही या शेवटच्या गोष्टीवर बोलणार आहोत. माणूस उचलल्यावर गावाने काय करायचे, याची तयारी त्या दिवशी करता येत नाही, आधीच करून ठेवावी लागते.

बहुतेक वेळा काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. गाडी येते, ‘साहेबांनी चौकशीला बोलावलंय’ म्हणतात आणि घेऊन जातात. घरचे नाक्यावर जातात. तिथे सांगतात, रेंज ऑफिसला नेलं. रेंज ऑफिसला सांगतात, पोलीस ठाण्यात विचारा. ठाण्यात सांगतात, आमच्याकडे असा कोणी नाही. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा, तळोदा असे फिरता फिरता मजुरी बुडते, भाड्याला पैसे उसने होतात. तोवर त्या माणसाचा कुठल्यातरी कागदावर अंगठा घेतलेला असतो.

हे तास सगळ्यात धोक्याचे. मारहाण याच तासांत होते, कोऱ्या कागदावर सह्या याच तासांत होतात. कारण माणूस त्यांच्या ताब्यात असतो, पण कुठल्याही रजिस्टरात नसतो. ज्याचे नाव चढलेले नाही त्याच्याबद्दल कोणालाही जाब विचारता येत नाही. म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे: माणूस नेला की पहिला प्रश्न ‘कधी सोडणार’ हा नको. पहिला प्रश्न ‘नाव रजिस्टरात चढले का, आणि किती वाजता चढले’ हा पाहिजे.

हा प्रश्न विचारायचा हक्क कोणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. 1986 साली पश्चिम बंगालमध्ये गरिबांना कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेचे प्रमुख डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून सुप्रीम कोर्टाला एक पत्र लिहिले. कोर्टाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. त्यावर 18 डिसेंबर 1996 ला निकाल लागला आणि अटक कशी करायची याचे 11 नियम देशभर लागू झाले. पोलिसांशिवाय इतर ज्या सरकारी खात्यांना अटकेचा अधिकार आहे, त्यांनाही ते लागू आहेत, असे त्याच निकालात म्हटले आहे. त्यातला शेवटचा नियम असा की अटक केल्याची आणि कुठे ठेवल्याची खबर 12 तासांच्या आत जिल्ह्याच्या पोलीस कंट्रोल रूमला गेली पाहिजे आणि तिथल्या फळ्यावर ठळक लागली पाहिजे.

1 जुलै 2024 पासून जुना फौजदारी कायदा जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले. ‘ते जुनं कलम आता नाही’ असे कोणी ऐकवले तर गप्प बसू नका. हक्क गेलेले नाहीत, त्यांचे नंबर बदलले आहेत. हे नंबर पाठ करा किंवा घराच्या भिंतीवर लिहून ठेवा:

कलम 36. अटकेच्या वेळीच अटकेचा पंचनामा करायचा, ज्याला ते ‘अरेस्ट मेमो’ म्हणतात. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीची सही लागते आणि अटक झालेल्याचीही सही लागते.

कलम 37. प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात एक नेमलेला अधिकारी असतो. अटक केलेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्हा कोणता, ही माहिती ठेवण्याची जबाबदारी त्याची. ती माहिती प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात ठळक दिसेल अशी लावायची.

कलम 47. कशासाठी धरले ते सांगायचे.

कलम 48. अटक झालेला ज्याचे नाव सांगेल त्याला ताबडतोब कळवायचे आणि कोणाला कळवले ते ठाण्यातल्या वहीत लिहायचे. हे झाले की नाही, याची खात्री मॅजिस्ट्रेटने करून घ्यायची आहे.

कलम 58. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे. संविधानाच्या 22 व्या कलमातही हेच आहे.

यातले 48 वे कलम आपल्या फार कामाचे. कायद्यात फक्त ‘नातेवाईक’ म्हटलेले नाही. मित्र, किंवा त्या माणसाने सांगितलेला दुसरा कोणीही चालतो. ज्या पाड्यावर मोबाईलला रेंज यायला टेकडी चढावी लागते, तिथे बायकोचे नाव सांगून खबर पोचणार नाही. म्हणून प्रत्येक गावाने दोन माणसे ठरवावीत, ज्यांचा फोन लागतो आणि जी रात्रीही उचलतात. त्यांचे नंबर तरण्यांनी, म्हाताऱ्यांनी, बायांनी, सगळ्यांनी तोंडपाठ करावेत. खिशातला मोबाईल पहिल्यांदा काढून घेतात, डोक्यातला नंबर काढून घेता येत नाही.

भाषेचेही आहे. आपल्यातल्या कित्येकांना पावरी, भिलोरी, मावची येते, ठाण्यातली मराठी नीट कळत नाही. काय लिहिले ते न कळता अंगठा दिला जातो. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात 6 नोव्हेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाने सांगितले की कुठल्याही गुन्ह्यात अटकेची कारणे लेखी द्यायची, तीही त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत. अटकेच्या वेळी लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगावे, पण रिमांडसाठी कोर्टात उभे करण्याच्या निदान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. तेव्हा कोर्टात उभे राहिल्यावर आपल्या माणसाने स्वतःच्या बोलीत सांगावे, ‘मला कागद मिळाला नाही, मिळाला तो कळला नाही.’ मॅजिस्ट्रेटला ते नोंदवून घ्यायला लावा.

फॉरेस्टवाल्यांनी धरले तर? 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या 64 व्या कलमाखाली त्यांना काही गुन्ह्यांत वॉरंटशिवाय अटक करता येते. पण त्याच कलमात लिहिले आहे की धरलेल्याला विनाविलंब मॅजिस्ट्रेटपुढे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात हजर करायचे. रात्रभर नाक्यावर बसवून ठेवायची परवानगी त्यात नाही. बॉण्डवर सोडायचा अधिकार रेंजरला आहे, म्हणून रेंज ऑफिसला गेलात तर तेही मागा.

आता शोधायचे कसे, ते क्रमाने सांगतो.

नेले त्या क्षणाची वेळ लिहा. गाडीचा नंबर, कोणत्या खात्याची गाडी, कोण कोण होते, तेही लिहा. 24 तास तिथून मोजायचे आहेत, पोलिसांनी कागदावर टाकलेल्या वेळेपासून नाही.

पोलीस पाटलाला कळवा आणि त्याच्याकडूनच ठाण्यात फोन लावायला सांगा. मग दोघे-तिघे मिळून ठाण्यात जा, एकट्याने जाऊ नका. ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीतली नोंद विचारा. तिथे नाही म्हणाले तर नंदुरबारच्या कंट्रोल रूमला विचारा. 112 वर फोन करून ‘आमचा माणूस अमुक वाजता नेला, कुठे आहे सांगा’ असे बोला, म्हणजे तुमच्याही फोनची नोंद होते.

शिकलेल्या पोरांनी महाराष्ट्र पोलिसांचे नागरिक पोर्टल बघावे. तिथे एफआयआर आणि अटक आरोपी पाहायची सोय आहे. एफआयआर 24 तासांत वर टाकायचा आणि नेटवर्कची अडचण असेल तिथे फार तर 72 तासांत, असा सुप्रीम कोर्टाचा 2016 चा आदेश आहे. नाजूक गुन्ह्यांचे एफआयआर टाकत नाहीत. कोर्टात केस गेली असेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर नावावरून किंवा एफआयआर नंबरावरून पुढची तारीख सापडते. पण पोर्टलवर नाव दिसले नाही म्हणजे अटक नाही, असे समजू नका. ठाण्याची फेरी चुकवायची नाही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याने आदिवासींना, स्त्रियांना आणि कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो. 15100 हा त्याचा फोन. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज द्या.

लेखी उत्तर पाहिजे असेल तर माहितीचा अधिकार वापरा. एरवी 30 दिवस लागतात, पण माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत माहिती द्यावी लागते, असे 7 व्या कलमात आहे. अर्जावर ते ठळक लिहा. आणि सगळीकडून ‘नाही’च आले तर हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात ‘माणूस हजर करा’ असा अर्ज करता येतो. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्यांना तिकडे धरले तरी हेच हक्क आहेत. संहिता सगळ्या देशाची आहे.

आता दुसरी बाजू. हे कागद सुटकेनंतर फेकू नका. जुन्या माणसांच्या पत्र्याच्या पेटीत फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या, गुन्ह्याच्या नोटिसा, कोर्टाचे समन्स पडून आहेत. त्या काळी त्यांची लाज वाटली असेल. वनहक्क कायद्याखाली 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत होतो हे दाखवावे लागते, आणि नियम 13 मध्ये सरकारी नोंदी आणि कोर्टाचे आदेश हे पुरावे म्हणून धरले आहेत. ‘अमक्याने अमुक कंपार्टमेंटमध्ये अतिक्रमण करून नांगरट केली’ असे फॉरेस्टनेच 1985 साली लिहून ठेवले असेल, तर तो माणूस 1985 साली तिथे कसत होता हे फॉरेस्टनेच कबूल केले. ज्या कागदाने दंड भरायला लावला तोच कागद आज दाव्याला जोडायचा. ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांनी अपिलात तो जोडावा. पेटीत पावती नसेल तर रेंज ऑफिसातल्या गुन्हे रजिस्टराची नक्कल माहिती अधिकारात मागावी. आणि दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत जमिनीवरून हटवता येत नाही, हे 4 (5) कलम अटक करायला आलेल्याला दाखवावे.

एक सावधगिरी. अमेरिकेत कित्येक जिल्ह्यांत जेलात आलेल्याचे नाव आणि फोटो कोणालाही बघता येतो. केस सुटली तरी फोटो फिरत राहतो आणि माणसाला काम मिळत नाही. आपल्याला तसले काही नको. नोंद पाहिजे ती माणूस सुरक्षित राहावा म्हणून, त्याची बदनामी व्हावी म्हणून नाही. अटक झाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, असे होत नाही. म्हणूनच या पत्रिकेत आम्ही अटक झालेल्यांची नावे छापत नाही. गावातल्या पोरांनीही व्हॉट्सॲपवर फोटो फिरवू नयेत.

संघटनेच्या मागण्या अशा. कलम 37 ची माहिती जिल्ह्याच्या प्रत्येक ठाण्यात दारातच, रोज ताजी लावली पाहिजे. रेंज ऑफिसांनीही ताब्यात घेतलेल्यांचा असाच फळा लावला पाहिजे. अटकेची कारणे पावरी, भिलोरी, मावचीत वाचून दाखवणारा माणूस ठाण्यात असला पाहिजे. आणि अटकेची खबर ग्रामसभेला दिली पाहिजे. नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशाने 2022 च्या पेसा नियमांत गावातल्या गुन्ह्याची खबर ग्रामसभेच्या समितीला देण्याची तरतूद केली. मग अलीकडच्या काठावर का नको?

मागण्या मंजूर होईपर्यंत हात बांधून बसायचे नाही. येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने तीन ठराव घ्यावेत. खबर घेणारी दोन माणसे ठरवावीत, त्यातली एक बाई असावी. गावाची एक वही घालावी, तिच्यात कोणाला, कधी, कोणी नेले, कधी कोर्टात उभे केले, कधी सुटला ते लिहावे. आणि जुन्या पावत्या, नोटिसा गोळा करून त्यांच्या झेरॉक्स गावाच्या पेटीत ठेवाव्यात, मूळ कागद ज्याचा त्याच्याकडे. पेरणीच्या आत हे झाले पाहिजे.

त्यांच्या रजिस्टरात नाव चढायला उशीर होईल. आपल्या वहीत होता कामा नये.

जिंदाबाद!