दारात वही घेऊन कोणी आलं तर

आष्टीत काय, परतूरला काय, आरोग्याची माहिती विचारायला वही घेऊन कोणी दारात उभं राहिलं की घरात पहिली कुजबूज ठरलेली: ‘हे कशासाठी विचारतात? रेशनकार्डाचं काही आहे का? पुढे आणखी कागद मागतील का?’ मग अम्मी आतूनच सांगते, ‘सगळे बरे आहेत म्हणावं.’ वहीत तसंच लिहिलं जातं. अम्मीची कंबर मात्र दुखायची थांबत नाही.

ही शंका अगदी बिनबुडाची आहे, असं आम्ही म्हणणार नाही. पण दार लावून घेण्याआधी हे संशोधन किती तऱ्हेचं असतं आणि त्यातून काय निघतं, ते आपल्याच महाराष्ट्राच्या उदाहरणांवरून पाहू या.

पहिला प्रकार पाहणीचा. कोणता आजार, कोणाला, किती, एवढीच मोजणी. देशभर होणारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी याच जातीची. तिचं काम मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असतं आणि पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली. मोजणीने काय उजेडात येतं, ते गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के होत्या, पण तपासणीत ९२ टक्के बायकांना अंगावरचे किंवा गर्भाशयाशी संबंधित आजार निघाले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, तेव्हा खेड्यातल्या बाईचं दुखणं म्हणजे केवळ बाळंतपण नव्हे, हे जगाला कळलं.

दुसरा प्रकार कारण शोधण्याचा. आजारी माणसं एका बाजूला, निरोगी दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या सवयींची तुलना. मुंबईत डॉ. संघवी, डॉ. खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाबाबत हेच केलं आणि १९५५ साली तंबाखू चघळण्याशी व विडी ओढण्याशी त्याचा संबंध दाखवून दिला. आज गुटख्याच्या पुडीवर जो इशारा छापलेला असतो, त्याच्या मुळाशी अशाच तुलना आहेत. पुडी खिशात ठेवणाऱ्या भावांनी तो एकदा नीट वाचावा.

तिसरा प्रकार प्रयोगाचा. गडचिरोलीतच ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं, हे सगळं घरीच. शेजारच्या ४७ गावांत नेहमीची सेवा चालू राहिली. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण ३९ गावांत हजारी ६२ वरून साधारण २५ वर आलं. ४७ गावांत ते जवळपास होतं तेवढंच राहिलं. तुलनेला ती ४७ गावं नसती, तर ‘साल चांगलं होतं’ म्हणून लोक मोकळे झाले असते. हे १९९९ साली प्रसिद्ध झालं आणि २०११ पासून देशभर राबवलं जाऊ लागलं. आज बाळंतीण घरी आल्यावर आशाताई ४२ दिवसांपर्यंत बाळाला पाहायला येते, ती त्यामुळेच.

चौथा प्रकार नुसतं ऐकण्याचा. इथे आकडे नसतात. बायका आजाराला काय म्हणतात, कशाला लाजतात, दवाखान्यात जायला कोणाची परवानगी लागते, हे बसून ऐकायचं. हे ठाऊक नसेल तर चांगलं औषधही कपाटात पडून राहतं.

आपल्या समाजाचाही यात वाटा आहे. १८९७ साली मुंबईत प्लेग होता. डॉ. हाफकिन यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांवर तिची परीक्षा घेतली. लोक लसीला घाबरत होते. तेव्हा जेमतेम विशीतल्या आगाखान तिसरे यांनी आपलं एक मोठं घर या कामासाठी दिलं आणि चारचौघांसमोर लस टोचून घेतली, जेणेकरून त्यांच्या अनुयायांची भीती जावी.

याचा अर्थ कोणीही आलं तर डोळे मिटून सगळं सांगावं, असा नाही. आधी विचारा: तुम्ही कोणत्या संस्थेचे? ओळखपत्र आहे का? ही माहिती कशासाठी? आमचं नाव गुप्त राहील ना? रक्त घेणार किंवा औषध देणार असतील, तर त्याचा फायदा-तोटा काय? या प्रश्नांची उत्तरं मिळणं हा तुमचा हक्क आहे. पटलं नाही तर नाही म्हणण्याचा, आणि मध्येच थांबण्याचाही.

पण एकदा हो म्हटलं की खरं सांगा. आणि बाईच्या दुखण्याचं उत्तर बाईलाच देऊ द्या. बाहेरच्या खोलीत बसलेल्या भाईजानने तिच्या वतीने ‘सब ठीक है’ म्हणू नये. विचारायला बाई आली असेल, तर दोघींना आत निवांत बसू द्या. हया आपला दागिना आहे, पण दुखणं लपवणं म्हणजे हया नव्हे. आपल्या मोहल्ल्यातले आजार वहीत उतरलेच नाहीत, तर मोहल्ल्याला दवाखाना हवा हे सांगणार कोण आणि कशाच्या आधारावर?