बागेला ना नाही, पण विचारले कुणाला?



आमच्या तालुक्याच्या गावी नदीकाठी बाग होणार आहे. चालायला फरशीची वाट, बसायला बाकडी, पोरांना झोके, संध्याकाळी दिवे. नगरपालिकेच्या भिंतीवर मोठे रंगीत चित्र लावले आहे. चित्रातल्या नदीला काठोकाठ निळे पाणी आहे. आमची नदी दिवाळीपर्यंत वाहते आणि संक्रांतीला तिच्यात डबकी उरतात, हे चित्र काढणाऱ्याला कुणी सांगितले नसावे.

चित्रात आणखी एक गोष्ट नाही. बाग जिथे दाखवली आहे, त्याच मोकळ्या जागेत दर आठवड्याला बैलबाजार भरतो. पलीकडे गाड्या सुटतात, बाया भाजी आणि डाळी घेऊन बसतात, दोरखंड-घुंगरांची दुकाने लागतात. भोवतालच्या खेड्यांचा आठवड्याचा व्यवहार त्या काठावर चालतो. चित्रात तिथे हिरवळ आहे.

मी पालिकेत जाऊन विचारले, "साहेब, बैलबाजाराचे काय?" उत्तर मिळाले, "लोकांचे मत घेऊनच ठरवले आहे. बहुतेकांना बाग हवी आहे." कागद दाखवा म्हटले तर कागदही दाखवला. फलकावर सूचना लावली होती. एका दिवशी सकाळी अकरा वाजता सभागृहात बैठक झाली होती. आलेल्यांना छापील फॉर्म दिला होता. त्यावर पहिला प्रश्न, "आपल्याला नदीकाठी बाग हवी आहे का?" खाली दोन चौकोन, होय आणि नाही.

दिवस कोणता, तर ऐन वेचणीचा. मजूर मिळत नाही म्हणून घरची म्हातारीही वावरात होती. त्या दिवशी अकरा वाजता सभागृहात कोण जाईल? ज्याचे घर गावात, ज्याला पगार किंवा पेन्शन, तो गेला. त्याने "होय"वर खूण केली. त्याचेही चुकले नाही. मला विचारले असते तर मीही "होय"च म्हटले असते. बाग नको असे कोण म्हणेल? पण "बैलबाजार उठवून बाग हवी का?" असा प्रश्न असता तर उत्तर वेगळे आले असते. अर्धे उत्तर प्रश्नातच पेरलेले असते.

हा प्रकार आपल्याला नवा नाही. पैसेवारी आठवा. पीक कापणीचा प्रयोग विहिरीखालच्या भारी काळ्या वावरात झाला की गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या वर जाते आणि मुरमाड जमिनीवरचा कास्तकार कागदावर सुखी होतो. मोजणी खोटी नसते. काटा बरोबर, हिशेब बरोबर, सही-शिक्का बरोबर. फक्त वावर चुकीचे निवडलेले असते. नदीकाठच्या बागेसाठी मत घेतानाही तेच झाले. बागायती वावरातली कणसे मोजली आणि कोरडवाहू गावाचा निकाल लावला.

आता कुणी म्हणेल, बैलबाजार गेला तर गेला, ट्रॅक्टरचा जमाना आहे. ज्याच्याकडे पाच एकर कोरडवाहू आहे त्याला विचारा. बाजारात दहा गिऱ्हाईक समोर असतात, शेजारच्या जोडीचा सौदा कानावर येतो, म्हणून भाव कळतो. बाजार मोडला की व्यापारी दारात येईल आणि एकटाच भाव सांगेल. मुलीच्या लग्नाला नाहीतर दवाखान्याला पैसा लागतो तेव्हा बैल विकणारा आधीच अडलेला असतो. त्याच्यासाठी ही जागा म्हणजे भाव मिळण्याची शेवटची सोय आहे.

असे प्रसंग मोठ्या शहरांतही घडले आहेत. अहमदाबादला साबरमतीचा काठ बांधायचे ठरले. त्यासाठी १९९७ साली महामंडळ झाले, २००५ साली काम सुरू झाले आणि २०१२ साली काठावरची फिरण्याची वाट लोकांना खुली झाली. दोन्ही काठ मिळून वीस किलोमीटरहून जास्त लांबी. आज लोक हौसेने फिरायला जातात. पण साबरमती पावसाळ्यापुरती वाहणारी नदी. तिथे दिसणारे पाणी नर्मदेच्या कालव्यातून सोडलेले आणि वासणा बंधाऱ्याने अडवलेले आहे. ज्या नर्मदेचे पाणी सौराष्ट्र-कच्छच्या कोरड्या शेतांच्या नावाने मागितले, ते शहरातल्या काठाला शोभा देते. हे पाणी इथे घालावे का, असे त्या कोरडवाहू शेतकऱ्याला विचारायचे कुणाच्या मनात आले नाही.

त्या काठावर झोपड्या होत्या. १९९८ च्या आराखड्यात हलवावी लागणारी कुटुंबे साधारण साडेचार हजार धरली होती. लोक उच्च न्यायालयात गेले, मोजण्या पुन्हा झाल्या आणि शेवटी दहा हजारांवर कुटुंबांना घरे द्यावी लागली. पहिल्या मोजणीवर काम रेटले असते तर उरलेली हजारो कुटुंबे कागदावर नव्हतीच.

त्याच काठावर रविवारी गुजरी बाजार भरतो. सुलतान अहमदशहाच्या काळापासून, म्हणजे पंधराव्या शतकापासून, तो चालत आल्याचे सांगतात. जुने सामान, अवजारे, कपडे विकणारी गरीब माणसे तिथे बसतात. बाजार उठणार असे दिसल्यावर त्यांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतलीच, पण आणखी एक शहाणपणाचे काम केले. शहरातल्या व्यवस्थापन आणि डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांमधले शिक्षक-विद्यार्थी सोबत घेतले, कोण कुठे बसतो, काय विकतो याची नोंद केली आणि बाजार काठावरच कसा बसवता येईल याचा स्वतःचा नकाशा मांडला. २०१४ साली काठावर नवी जागा बांधून बाजार सुरू झाला. सगळे मनासारखे झाले असे नाही. पण बाजार राहिला. नुसते "आम्हाला उठवू नका" म्हणून भागले नसते, "आम्ही इतके आहोत आणि असे बसू शकतो" हे दाखवता आले म्हणून बोलणे झाले.

मुंबईत २०१५ च्या फेब्रुवारीत शहराचा नवा विकास आराखडा प्रसिद्ध झाला. त्यावर साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. त्याच एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा मागे घेऊन दुरुस्त करायला सांगितले. पुण्यात मुळा-मुठेचा सुमारे ४४ किलोमीटर काठ सुधारण्याची योजना आहे. मार्च २०२२ मध्ये तिची पायाभरणी झाली. पुढे झाडे तोडण्याचा विषय निघाला तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये लोक नदीकाठी मोर्चाने गेले. आराखडा तयार झाल्यावर विचारले की हरकत हीच एक भाषा उरते. पेरणी झाल्यावर बियाणे कोणते हवे होते, असे विचारण्यासारखे आहे.

मग मत घ्यावे कसे? आपण कास्तकार, आपल्या अनुभवातूनच सांगू.

पहिली गोष्ट, माणूस जिथे असतो तिथे जाऊन विचारावे. बाजाराच्या दिवशी, बाजारात. बायांना बायांनी विचारावे. सुरुवात "काय हवे?" अशी करू नये. "तुम्ही इथे कशाला येता, किती वेळा येता, ही जागा गेली तर काय कराल?" असे विचारावे. सांगणाऱ्याचे शब्द तसेच लिहावेत. "पार्किंगची समस्या" हा साहेबाचा शब्द झाला. "गाडी सोडायला जागा नाही, बैल उन्हात उभे राहतात" हे माणसाचे बोलणे झाले.

दुसरी गोष्ट, आलेल्या मतांची प्रतवारी. पहिल्या वेच्याचा कापूस, फरदड आणि कवडी एकाच गाठोड्यात बांधली तर सगळ्याचाच भाव पडतो. मतांचेही तसेच आहे. पाण्याचे बोलणे एका ढिगात, बाजाराचे एका, पुराचे एका, घाणीचे एका. प्रत्येकापुढे लिहावे, कोण बोलला, कोणत्या गावचा, काय काम करतो. छापील निवेदनावर पाचशे सह्या असतील तर तो पाचशे माणसांचा पाठिंबा असलेला एकच मुद्दा धरावा. हे आपल्यालाही लागू आहे. आपणही मोर्चात न वाचता अंगठे घेतो, मग अधिकारी ते न वाचता बाजूला ठेवतो.

तिसरी गोष्ट, डोकी मोजावीत, पण नुकसानही तोलावे. हजार माणसांना संध्याकाळी फिरायला बरे वाटेल आणि शंभरांची भाकरी जाईल, तर हजार मोठे आणि शंभर लहान असा हिशेब होत नाही.

चौथी गोष्ट, न आलेल्यांचा रकाना. जागा वापरतात कोण आणि बोलले कोण, या दोन याद्या शेजारी ठेवा. पहिल्या यादीत आहेत आणि दुसऱ्या यादीत नाहीत, त्यांच्याकडे पुन्हा जा. हा रकाना कोरा सोडून "बहुतेकांचे मत" असे लिहिणे म्हणजे मुरमाड वावर वगळून पैसेवारी काढणे.

आणि शेवटी उत्तर. कोणता मुद्दा मान्य, कोणता अमान्य आणि का, हे बाजारात वाचून दाखवावे. यात जगावेगळे काही मागत नाही. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीत झालेल्या बोलण्याचा गोषवारा शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवावा, असे केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेतच आहे. बागेला ती सुनावणी लागत नसेल, पण चांगल्या रीतीला कुणाची मनाई नाही.

"तुम्ही खेड्यातले, नगरपालिकेच्या बागेत तुमचा काय संबंध?" असे मला एकाने विचारले. त्याला कायद्याचे उत्तर आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ चा आहे. गावाच्या विकास आराखड्यात एखाद्या जागेचा वापर बदलायचा असेल तर त्याच्या कलम ३७ प्रमाणे नोटीस काढून महिनाभर हरकती-सूचना मागवाव्या लागतात. त्या कुणाही व्यक्तीने द्याव्यात, असे कायदा म्हणतो. गावचा रहिवासीच हवा, अशी अट नाही. आराखड्यात त्या जागेवर काय लिहिले आहे, बैठकीचे इतिवृत्त काय, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून मागता येते.

आपलाही दोष सांगितला पाहिजे. पालिकेतला बाबू मला म्हणाला, "नोटीस लावली होती, तुम्ही आला नाहीत." हे खरे आहे. बाजार उठल्यावर काठावर शेण, चगाळा आणि प्लॅस्टिक पडते, हेही खरे आहे. काठावर राहणाऱ्या पोरांना खेळायला जागा नाही, हे तर सगळ्यात खरे. त्यातली बरीच पोरे आपल्याच भावांची आहेत, जे शेती सोडून तिथे मजुरीला गेले.

म्हणून माझे म्हणणे बाग नको असे नाही. आठवड्यातला एक दिवस बाजाराचा आणि सहा दिवस पोरांचे, असे का होऊ नये? सावलीची झाडे लावा, बैलालाही सावली लागते. एक हौद बांधा, दगडी उतार करा, बायांसाठी संडास बांधा. हिरवळीला पाणी घालण्यापेक्षा कडुनिंब लावा, तो आपल्या पावसावर जगतो. बाजार उठला की झाडलोट करण्याची जबाबदारी आपण लिहून देऊ.

पण हे मी एकट्याने सांगून चालणार नाही. येत्या जिल्हा बैठकीत प्रत्येक गावातून दोन पोरे आणि दोन बाया द्या. चार बाजार सलग मोजू. किती जोड्या आल्या, किती गाड्या, किती विकणाऱ्या बाया, कोणत्या गावच्या, सगळे वहीत उतरवू. त्या वहीवरून आपला नकाशा काढू आणि हरकतीसोबत जोडू. ती वही हातात असली म्हणजे "बहुतेकांचे मत" कुणाचे, हे आपल्याला टेबलावर ठेवून विचारता येईल.

वही मी आणतो. मोजायला माणसे तुम्ही आणा.